सोमवारचं रक्त

आमच्या मॅडमना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. एकदा कुरुंदवाडला एका लग्नात आम्ही दोघी पंगतीत शेजारी बसलो होतो. एक गृहस्थ जिलेबीचं ताट घेऊन वाढत वाढत आले, मॅडमसमोर थांबले आणि अदबीनं म्हणाले, "ओळखलं का मॅडम?" मॅडमनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ नकारार्थी मान हलवली. गृहस्थ ओशाळले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, तसा मॅडमचा चेहरा एकदम उजळला. "अहो पावणं, तुमची साखर कुठवर आली? परत दाखवायला आला न्हाय ते." अख्ख्या पंगतीनं माना वर केल्या. "वाढा, वाढा. पण त्यातली एक बी स्वतःच्या तोंडात टाकायची न्हाय." ते बिचारे माझ्या पानात जिलेबी वाढायचीच विसरून गेले.

अशा बाईच्या हाताखाली मी पुष्कळ वर्षं काढली. मला त्या आवडायच्या असं सरसकट म्हणवत नाही. त्यांच्यासारखं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही हे खरं, पण रोज सकाळी माझी जेवढी हजेरी त्यांनी घेतली तेवढी माझ्या सासूनंही घेतली नसेल. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि शाहूपुरीत त्यांनी स्वतःची लॅब काढली. मी जयसिंगपूरहून एसटीनं यायचे. एसटीला उशीर झाला तर चूक एसटीची नसे, माझी असे. कोल्हापूरच्या जुन्या बायका बोलताना "मी जातो, मी करतो" म्हणतात, तशाच मॅडमही बोलत. एवढी वर्षं इंग्रजीतून शिकवूनही ते गेलं नव्हतं. त्यांनी घालवायचा प्रयत्नही केला नसावा.

साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल हे सगळ्याच लॅबमध्ये होतं. आमच्या लॅबची ओळख मात्र दारूची होती. म्हणजे माणूस पितो का, किती दिवसांपासून पितो, सोडली म्हणतो ती खरंच सोडली का, हे रक्तातून आणि लघवीतून बघायचं. नुकतीच ढोसून आलेल्याला ओळखायला लॅब लागत नाही, त्याच्या शेजारी बसलं तरी पुरतं. अडचण असते ती चार दिवसांमागं प्यायलेल्याची, आणि रोज पिऊन डॉक्टरांच्या फॉर्मवर "कधीतरी" लिहिणाऱ्याची. "ह्या जिल्ह्यात सगळे कधीतरीच पितात," मॅडम म्हणायच्या. "दुकानं मात्र रोज उघडत्यात."

व्यसनमुक्ती केंद्रातली माणसं आमच्याकडं येत, त्यांच्या बायका येत. मॅडम त्या बायकांना पोटतिडकीनं समजावून सांगत. रोज पिणाऱ्याच्या तांबड्या पेशी फुगतात, लिव्हरचं एक एन्झाइम वाढतं, रक्तातलं एक प्रथिन आपली घडण बदलतं. हे सगळं सांगून झालं की लघवीवर येत. "दारू काय, दिवसभरात अंगातनं जाती. पण जाताजाता लिव्हर तिच्यातल्या थोडीला शेपटी लावतंय. ती शेपटी लघवीत दोन-चार दिवस दिसती. आपण दारू बघायची न्हाय, शेपटी बघायची." राधानगरीकडची एखादी बाई पदर तोंडाशी धरून म्हणे, "पण आमचे मालक देवाच्यान सांगत्यात, घेतली न्हाय म्हणून." त्यावर मॅडम म्हणत, "म्हणूनच मी माणसाला विचारत न्हाय. विचारलं की त्याला खोटं बोलायला लागतंय. कशाला बोलवायचं खोटं? लघवी द्या आणि गप घरला जावा."

कुणी टेबलाशी येऊन "मॅडम, खरं सांगू का" अशी सुरुवात केली की त्या हात वर करून त्याला थांबवत. खरं ऐकायलाही त्यांची तयारी नसे. एकदा एक माणूस मनापासून कबुली द्यायला आला होता, रडत होता, तर त्यालाही हातात बाटली देऊन बाथरूमकडं धाडला. मला तेव्हा हसू आलं होतं.

पण एवढ्या कडक बाईचे नियम माणसाच्या बाजूचे होते, हे मी शपथेवर सांगेन. एका आकड्यावर कुणाला पिणारा म्हणायचं नाही. बाटली हाताला कोमट लागली तर तपासायची नाही, ओतून द्यायची. आणि कुणाच्या लघवीत शेपटी दिसलीच, तर रिपोर्टवर अक्षर उमटायच्या आधी त्याला परत बोलवायचं, ताजा नमुना घ्यायचा आणि पहिल्यापासून सगळं परत करायचं. "माणसाची अब्रू हाय," त्या म्हणत. "एका पट्टीवर घालवायची न्हाय."

एकदा राधानगरी तालुक्यातले एक शेतकरी होणाऱ्या जावयाला जीपमध्ये घालून घेऊन आले. जावई बाहेर बाकावर बसला आणि सासरे आत येऊन मॅडमच्या कानाशी लागले. "रक्तगट बघायचा म्हणून आणलाय. पितो का तेवढं बघा, त्याला कळू देऊ नका." आमच्याकडं असे सासरे लग्नसराईत नेहमी येत. मॅडम ऐकून घेत आणि मग ठरलेलं करत. त्या उठून बाहेर गेल्या आणि त्या मुलासमोर उभ्या राहिल्या. "हे बघ, तू पितोस का बघायला तुला आणलाय. रक्त द्यायचं का न्हाय ते तू ठरव." सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. मुलगा लालबुंद झाला, पण उठून आत आला आणि त्यानं बाही वर केली.

त्याचं लिव्हरचं एन्झाइम वाढलेलं निघालं. सासरे लगेच म्हणाले, "मोडून टाकतो सोयरीक." मॅडम त्यांच्यावर अशा खेकसल्या की मीच दचकले. "थांबा की जरा. पोरगं जाड हाय. लिव्हरला चरबी असली तरी वाढतंय ते. दुसरं बघतो, तिसरं बघतो, मग बोलतो." दुसरं बघितलं, तिसरं बघितलं, त्याला दोनदा परत बोलावलं. सगळं स्वच्छ. "पोरगं पीत न्हाय," मॅडमनी निकाल दिला. "खातंय मात्र लई. तेवढं पोरीला सांगा." लग्न झालं. त्या घरून दर वर्षी नवा तांदूळ यायचा, आणि त्यातला निम्मा मॅडम माझ्या पिशवीत कोंबायच्या.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढचं त्यांनी का केलं हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मॅडमचे यजमान एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. मळीपासून स्पिरिट तयार करायचं, त्याची ताकद मोजायची, असं त्यांचं काम. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मॅडम जितक्या तुसड्या तितके काका लाघवी. लॅबमध्ये आले की आधी आमच्याशी बोलणार, कुणाचं मूल कितवीत, कुणाच्या घरी काय, सगळं त्यांच्या ध्यानात असे. "मी तयार करतो आणि तुमच्या मॅडम मोजतात," असं म्हणून हसायचे. "दोघं मिळून एकच कारखाना आहे आमचा." मॅडम हसत नसत. काका प्यायचे. आरडाओरडा नाही, पडणं नाही, इस्त्रीची घडी मोडली नाही कधी. पण रोज.

राजारामपुरीत त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तो सोमवार होता. मॅडमना द्यायची एक फाइल होती. सकाळची वेळ, काका डायनिंग टेबलाशी पेपर वाचत होते. मॅडम सिरिंज घेऊन आल्या. काकांनी पेपरवरून नजर न काढता डावा हात टेबलावर लांब केला. मॅडमनी पट्टा बांधला, रक्त घेतलं, कापूस दाबला, पट्टा सोडला आणि मग त्याच हातांनी, धुऊन, पोहे वाढले. दोघांत एक शब्द झाला नाही. दर सोमवारी हे असंच चालायचं. संध्याकाळी मॅडम रिपोर्ट टेबलावर ठेवत, काका तो वाचून घडी करून खिशात घालत.

"भांडण होत न्हाय आमच्यात," मॅडम एकदा मला म्हणाल्या. "लोकांची होत्यात. आमच्यात रिपोर्ट हाय." हे त्या अभिमानानं बोलत होत्या. सुरुवातीच्या काळात म्हणे त्या विचारायच्या, आणि काका इतकं गोड खोटं बोलायचे की त्यांना ते पटायचं. मग मागून कळलं की जीव जायचा. म्हणून त्यांनी विचारणं बंद केलं. लेक लहान होती, ती हे बघत मोठी झाली. ती पुण्याला नोकरीला गेली तेव्हा मॅडमना म्हणाली होती, तुमचं घर म्हणजे लॅबचं कलेक्शन सेंटर आहे. मॅडमनी हेही मला सांगितलं, जणू कुणी त्यांची तारीफ केली होती.

एका उन्हाळ्यात काकांना रक्ताची उलटी झाली. आयसीयूतून बाहेर आले ते दारू सोडूनच आले. खरोखर सोडली. सोमवारचे आकडे उतरायला लागले. मॅडम बोलून दाखवत नसत, पण ज्या सोमवारी आकडा खाली आलेला असे त्या दिवशी माझी हजेरी घेतली जात नसे, आणि मी आणलेलं भडंग त्या स्वतः वाट्यांत वाढून सगळ्यांना देत. आम्हाला तेवढ्यावरून कळायचं.

फक्त सोडायला उशीर झाला होता. लिव्हर दगडासारखं झालं होतं, पोटात पाणी साठत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बदलावं लागेल. लेकीचं जुळलं. ती आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला तयार होती, तिच्या नवऱ्याचीही हरकत नव्हती. पुण्याची अट एकच होती, काही महिने काका दारूपासून लांब राहिलेत हे दिसलं पाहिजे, दर महिन्याला लघवीचा रिपोर्ट हवा. एवढ्यासाठी आजारी माणसाला पुण्याला हेलपाटे नकोत म्हणून त्यांनी आमच्या लॅबचा रिपोर्ट चालेल असं सांगितलं. मॅडम कोण आहेत हे त्यांना ठाऊक होतं. कुणी शंका घेतली नाही. मॅडमनी घरच्या माणसालाही सवलत दिली नसती, हे जगजाहीर होतं.

दर महिन्याचे रिपोर्ट स्वच्छ जात होते. शेवटचा एक राहिला होता. तो गेला की तारीख मिळणार होती.

तो नमुना मॅडमनी रविवारी सकाळी घरीच घेतला आणि नेहमीप्रमाणे फ्रिजमध्ये ठेवला. मे महिना होता. त्या दिवशी त्यांच्या गल्लीतली डीपी जळाली आणि दिवसभर लाईट नव्हती, ती रात्री आली. हे त्यांनीच सोमवारी आल्या आल्या वैतागून सांगितलं, उकाड्यानं जीव नकोसा झाला, ह्यांना वारा घालून हात दुखून आला म्हणून. मग काकांचं सोमवारचं रक्त माझ्याकडं दिलं, मी ते नेहमीसारखं नाव घालून फ्रीजरला लावलं. लघवीची बाटली हाताला गारच होती, ती त्यांनी स्वतःच उघडली. काकांच्या नमुन्याला त्या कुणाला हात लावू देत नसत.

शेपटी बघायच्या पट्टीवर रेघ उमटली तर माणूस स्वच्छ, नाही उमटली तर शेपटी आहे. आम्ही दोघी बघत उभ्या होतो. रेघ उमटली नाही.

 मॅडमनी दुसरी पट्टी घेतली, त्याच बाटलीतून. तीही कोरी राहिली. मी म्हणाले, "मॅडम, काकांना बोलवूया की. रिक्षानं येतील. ताजा घेऊया." हे मी काही फार विचार करून बोलले नव्हते. आमच्याकडं कुणाचंही असं आलं की पुढचं वाक्य तेच असायचं.

"न्हाय," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी परत म्हणाले. तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या. "ते माझे हायत म्हणून मला परत करावंसं वाटालंय. दुसरं कोण असतं तर मी नियम म्हणून केलं असतं. आता नियम हाय का माया हाय, माझं मलाच कळंना झालंय. मग न केलेलं बरं."

मला त्या वाक्याचा आजही राग येतो. रस्त्यावरच्या परक्या माणसाला जे मिळत होतं ते नवऱ्याला मिळालं नाही, का, तर तो नवरा होता. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडं बघून मी गप्प बसले. दुपारी त्यांनी रिपोर्ट टाइप केला आणि पुण्याला धाडला.

लेकीचा फोन दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आला. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की मला सगळं ऐकू येत होतं. "परत तपास ना आई. एकदा परत तपास." मॅडम म्हणाल्या, "आता काय उपयोग? एव्हाना गेलं असंल सगळं अंगातनं. आता स्वच्छच येणार." आणि फोन ठेवला. ते बरोबरच होतं. आता आलेल्या स्वच्छ नमुन्याला काही किंमत नव्हती. पुण्यानं कळवलं, पहिल्यापासून धरावं लागेल, आणखी काही महिने थांबा. ते महिने काकांच्या लिव्हरकडं नव्हते. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं.

काही दिवसांनी काका लॅबमध्ये आले. मॅडम बँकेत गेल्या होत्या. काका पेशंटच्या बाकावर बसले. डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरला आणि विचारलं, "तुला एक विचारू? माणूस पितो आणि साफ विसरतो, असं होऊ शकतं का गं?"

मी म्हणाले, "का हो काका?"

"मला आठवत नाही प्यालेलं. पण मला हल्ली बरंच काही आठवत नाही." हे खरं होतं. लिव्हर बिघडलं की डोक्यात घोटाळा होतो. महिन्याभरापूर्वी त्यांनी आपली चप्पल फ्रिजमध्ये ठेवली होती आणि दिवसभर शोधली होती. "तिचा तपास कधी चुकलाय का? तू इतकी वर्षं आहेस, तू सांग."

"चुकला नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"तेच की." त्यांनी मान हलवली. "म्हणजे प्यालो असणार मी. मग बाटली घरात असणार. शोधालोय. पाण्याच्या टाकीमागं बघितली, जुन्या बुटांत बघितली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पूर्वी ठेवायचो त्या सगळ्या जागा बघून झाल्या. कुठंच नाही. म्हणजे नवी जागा केली असणार मी, आणि ती माझी मलाच आठवत नाही." ते हसले. त्यांचं ते नेहमीचं लाघवी हसू त्या तोंडावर बघवत नव्हतं. "तुझ्या मॅडमही शोधतायत. ती स्वयंपाकघर बघते, मी बाकीचं घर. बोलत नाही आम्ही त्याच्यावर. पण मी बघतो, ती डबे पुसायचं निमित्त काढून एकेक उघडते."

मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. दोन म्हातारी माणसं एकाच घरात, एकमेकांची नजर चुकवून, एक बाटली शोधतायत, आणि तिला दोघंही आपापल्या परीनं घाबरतायत, हे चित्र मला कितीतरी दिवस एसटीत बसल्यावर दिसायचं.

काका गणपती बसायच्या आधी गेले. इथंच, कोल्हापुरात, दवाखान्यात. लेक पुण्याहून आली होती. अंत्यविधीला ती आईपासून लांब उभी होती. दिवस झाल्यावर मॅडम लॅबमध्ये आल्या, पहिल्यासारख्याच ओरडू लागल्या, आणि आम्हाला बरं वाटलं. सोमवारी तेवढ्या उशिरा यायच्या. सोमवारी सकाळी त्या घरी काय करत असतील, हा विचार मी मनात येऊ देत नसे.

दसऱ्याच्या सुमाराला, पाऊस सरून उकाडा सुरू झाला तेव्हा, केंद्रातून एका शिक्षकांचा नमुना आला. साखरेचे पेशंट, दारू सोडून बरेच महिने झालेले. केंद्राचा माणूस म्हणाला, बाटली बर्फात घालून आणलीय. आम्ही विश्वास ठेवला. रेघ उमटली नाही. मास्तरांना परत बोलावलं. ते आले ते भांडतच आले, मॅडमनी त्यांना हात वर करून थांबवलं आणि बाथरूमकडं पाठवलं. ताजा नमुना स्वच्छ. रेघ ठसठशीत. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. मग केंद्राच्या माणसाला दरडावून विचारल्यावर त्यानं कबूल केलं की बर्फबिर्फ काही नव्हतं, बाटली सबंध दिवस उन्हात जीपमध्ये होती.

एरवी मॅडमनी त्याला फैलावर घेतलं असतं.  आज त्यांनी मास्तरांच्या पहिल्या बाटलीतला थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पुष्कळ वेळ लावूनच होत्या. "ये, बघ," म्हणाल्या. मी बघितलं. यीस्टच्या गोल गोल पेशी, एकीला दुसरी फुटलेली, आणि मधून मधून वळवळणारे जंतू.

"साखर हाय, यीस्ट हाय, उकाडा हाय," मॅडम म्हणाल्या. "बाटलीतच भट्टी लागली. दारू तिथंच झाली, आणि शेपटी जंतूंनी लावली. मास्तरांच्या पोटात थेंब गेला न्हाय." शिकवताना बोलत तशाच सावकाश बोलत होत्या. मग थांबल्या. चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "आमच्या गल्लीची डीपी कुठल्या दिवशी जळालती गं?"

काकांनाही साखर होती. त्या उन्हाळ्यात लघवीला जळजळ होते म्हणून गोळ्याही चालू होत्या. हे दोन्ही मॅडमना माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं. त्यांना माझं उत्तर नकोच होतं. त्या उठून फ्रीजरकडं गेल्या. त्या सोमवारी मी लावलेलं काकांचं रक्त तिथं होतं. काका गेल्यावर त्यांच्या नळ्या टाकून द्यायचं आमच्यापैकी कुणाच्या हातून झालं नव्हतं.

रक्ताच्या पेशींच्या पापुद्र्यात दारूची एक खूण उतरते, ती काही आठवडे टिकते. ते बघायची सोय आमच्याकडं नव्हती, मुंबईला पाठवावं लागायचं. मॅडमनी नळी बर्फात नीट बांधली, दोनदा तपासली, आणि कुरियरवाल्याच्या हातात स्वतः दिली. रिपोर्ट येईपर्यंत त्या कुणावर ओरडल्या नाहीत. कामात मात्र खाडा नव्हता. बाटली आली की हाताला लावून बघत, कोमट लागली की ओतून देत.

रिपोर्ट दुपारी आला. मी मशीनवर होते. मॅडम कॉम्प्युटरसमोर बसून होत्या, आणि बसूनच राहिल्या, म्हणून मी मागं जाऊन उभी राहिले. काकांच्या नावासमोर लिहिलं होतं, काहीही आढळलं नाही. त्या सोमवारी नाही, त्याच्या आधीही काही आठवडे नाही.

मला रडू आलं. मॅडमना आलं नाही. त्या उठल्या, बेसिनवर हात धुतले, पुसले, परत येऊन बसल्या. मी विचारलं, "पुण्याला ताईंना कळवायचं का?"

"कळवलं मघाशीच, तू मशीनवर होतीस तवा. फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि ठेवला."  बाहेर बाकावर कुणीतरी खोकत होतं. "दवाखान्यात शेवटी शुद्ध होती ह्यांना," मॅडम म्हणाल्या. "माझा हात धरून माफी मागितली. म्हणाले, मी प्यालोच असणार गं, मला आठवत न्हाय, पण तू एवढं केलंस आणि मी घालवलं. मला माफ कर."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठेवला असेन.

"आणि मी केलं माफ," त्या म्हणाल्या. "मोठ्या मनानं केलं."